अर्धवट खेळाचे पैसे मोजले, आता हक्काने काय मागायचं?

विभाग: संगणक व मोबाइल खेळ
धागाकर्ता: बंदरावरचा_दिवा

नमस्कार मंडळी,

भाचा यंदा दहावीला होता. परीक्षा संपली, आता त्याला एक खेळ घ्यायचा आहे. तो स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात 'अर्ली अ‍ॅक्सेस'मध्ये आहे, म्हणजे अजून बनतोय पण विकायला ठेवलाय. "मामा, घेऊ ना?" असं त्याने विचारलं आणि माझ्या तोंडून पटकन हो निघालं नाही. का निघालं नाही ते लिहितो. तुमची मतं हवी आहेत.

तीन वर्षांपूर्वी मी असाच एक खेळ घेतला होता. नाव लिहीत नाही, चार-पाच जणांचा स्टुडिओ होता. ओसाड पडलेलं एक बंदरगाव आपण हळूहळू पुन्हा उभं करायचं. जाळी विणायची, बर्फाचा कारखाना सुरू करायचा, बाजार भरवायचा. किंमत ७२९ रुपये. पहिल्या दिवसापासून आवडला. गावाच्या धक्क्याला एक लाँच लागलेली असायची आणि तिच्या शिडीपाशी पाटी: 'पलीकडचं बेट लवकरच'. लाटांवर लाँच हलायची, दोर करकरायचा, धुरांड्यातून बारीकसा धूर निघायचा. इतकं मन लावून केलेलं की आत्ता सुटेल असं वाटावं. दर अपडेटनंतर मी आधी धक्क्यावर जाऊन बघायचो. पहिल्या वर्षात चार अपडेट आले, मग एक अगदी छोटा, मग काहीच नाही. लोक खेळाच्या पानावर विचारत राहिले, कुणी उत्तर दिलं नाही. लाँच अजून तिथेच आहे, पाटीही.

७२९ रुपये गेल्याचं दुःख नाही. पन्नासेक तास खेळलो, पैसे वसूल झाले. राग येतो तो गप्प बसण्याचा. "पैसे संपले, आम्ही थांबतोय" एवढं कुणी लिहिलं असतं तर मी मनापासून शुभेच्छा देऊन खेळ मिटवला असता. मी जवळजवळ दीड वर्षं वाट बघत बसलो, ते मात्र लागलं.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. स्टीमने ही सोय मार्च २०१३ मध्ये आणली, पण रीत त्याआधीची. माइनक्राफ्ट २००९ पासून कच्च्या अवस्थेतच विकला जात होता. तो पुरा झाला नोव्हेंबर २०११ मध्ये, आणि अगदी आधी पैसे दिलेल्यांना पुढचं सगळं त्याच पैशांत मिळालं. किकस्टार्टर या लोकांकडून पैसे जमवायच्या संकेतस्थळाचं वेगळं आहे, तिथे हातात काहीच नसताना पैसे द्यायचे. २०१२ मध्ये डबल फाइन या स्टुडिओने तिथे एका खेळासाठी ४ लाख डॉलर मागितले आणि ३३ लाखांहून जास्त जमले. तरीही ते पुरले नाहीत. तो खेळ दोन तुकड्यांत आला, २०१४ मध्ये अर्धा आणि २०१५ मध्ये उरलेला, आणि पहिल्या अर्ध्याच्या विक्रीवर दुसरा अर्धा बनला. पण बनला.

आणि आता कर्बल. 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' हा माझा सर्वांत लाडका खेळ. मेक्सिको सिटीतल्या लोकांनी २०११ पासून तो सगळ्यांसमोर घडवला आणि एप्रिल २०१५ मध्ये पुरा केला. कक्षा म्हणजे काय, रॉकेट आडवं का वळवायचं, परत येताना वेग कुठे आणि कसा मारायचा, हे मला शाळेत कळलं नाही तेवढं त्यात कळलं. त्याचा दुसरा भाग मोठ्या प्रकाशकाच्या पैशाने, वेगळ्या स्टुडिओत, फेब्रुवारी २०२३ मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसला आला. किंमत ५० डॉलर. पुढचा आराखडा जाहीर होता: विज्ञान, मग वसाहती, मग दुसऱ्या ताऱ्यांपर्यंतचा प्रवास, मग अनेकांनी मिळून खेळणं. यातलं विज्ञान डिसेंबर २०२३ मध्ये आलं. २०२४ च्या मध्यात स्टुडिओच बंद झाला. वसाहती आल्या नाहीत, तारेही नाहीत. त्यानंतरही खेळ विक्रीला होताच.

तर प्रश्न असा. ज्याने आधी पैसे मोजले त्याने हक्काने काय मागावं आणि कुठे गप्प बसावं?

प्रतिसाद: रोखठोक_नाशिककर

काहीही मागू नये. आज समोर जे आहे ते पैशाच्या तोलाचं वाटत असेल तर घ्यावं, नाहीतर थांबावं. स्टीमच्या पानावर निळ्या चौकटीत हेच लिहिलेलं असतं: आज आहे तसा खेळायची उत्सुकता नसेल तर पुढे काय होतं ते बघा आणि मग ठरवा. तुम्ही स्वतःच म्हणताय पैसे वसूल झाले. मग तक्रार कसली? आपण पन्नास तास खेळायचं आणि वर त्यांच्याकडून हिशेबही मागायचा, हे मला पटत नाही.

मी डे-झी घेतला होता डिसेंबर २०१३ मध्ये. पाच वर्षांनी, डिसेंबर २०१८ मध्ये, त्याला एकदाचा १.० आकडा लागला, म्हणजे तो पुरा झाला. तोपर्यंत माझी नोकरी बदलली, लग्न झालं. मी घेतानाच धरून चाललो होतो की हा खेळ असाच राहणार, म्हणून मनस्ताप झाला नाही.

प्रतिसाद: तिसरी_घंटा

मी खेळ फारसे खेळत नाही, मुलगा खेळतो. पण हौशी रंगभूमीवर वीस वर्षं काढली आहेत, म्हणून लिहिते.

हे सगळं वाचून मला रंगीत तालीम आठवली. आम्ही रंगीत तालमीला ओळखीच्या माणसांना बोलावतो. नेपथ्य अर्धं लागलेलं असतं, प्रकाशयोजना चुकते, कुणीतरी वाक्य विसरतं, आणि बघायला आलेल्याला ते ठाऊक असतं. तो बघून सांगतो, दुसरा अंक रेंगाळतो, अमुक प्रवेश कळला नाही. त्याचा उपयोग होतो. पण त्याच्याकडून आम्ही तिकिटाचे पैसे घेत नाही! पैसे घेतले की तो पाहुणा राहत नाही, प्रेक्षक होतो. आणि प्रेक्षक बसलेला असताना नाटक मध्येच थांबवायची वेळ आली तर कुणीतरी पडद्यापुढे येऊन हात जोडून सांगतं. एकदा प्रमुख नट चक्कर येऊन पडला तेव्हा आमच्या दिग्दर्शकांनी स्वतः येऊन सांगितलं होतं. लोक कुरकुर न करता उठले. कुणी पुढे आलंच नसतं तर त्याच लोकांनी खुर्च्या आपटल्या असत्या.

धागाकर्त्यांचं म्हणणं मला तरी एवढंच दिसतं: पडद्यापुढे या.

प्रतिसाद: बंदरावरचा_दिवा

ताई, अगदी हेच. एवढ्या नेमकेपणाने मला सांगता आलं नव्हतं.

रोखठोक, तुमचा मुद्दा मान्य आहे, पण अर्धाच. आजचा खेळ आजच्या पैशाला, हे बरोबर. मग पाटीवर 'लवकरच' का लिहिता? पुढच्या आराखड्याचं चित्र विक्रीच्या पानावर का लावता? ते बघूनच माणूस खिशात हात घालतो. विकताना उद्याचं दाखवायचं आणि विचारलं की आजचं बोट दाखवायचं, हे बरोबर नाही.

प्रतिसाद: सातबारा

आपल्याकडे बांधकाम चालू असताना फ्लॅट घेणाऱ्यांचं हेच व्हायचं. नकाशा बघून पैसे भरायचे, मग पिलर उभे राहिलेले बघत हप्ते फेडायचे. २०१६ चा रेरा कायदा आला, २०१७ मध्ये महारेरा सुरू झालं, तेव्हा दोन गोष्टींनी खरा फरक पडला. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि काम कुठवर आलं ते ठरावीक मुदतीने संकेतस्थळावर टाकायचं. खेळांना पहिली गोष्ट लावता येणार नाही हे कळतं. दुसरी लावायला काय हरकत आहे? काम चालू आहे, मंदावलंय की थांबलंय, दर तीन महिन्यांनी एवढंच लिहायचं.

स्टीमने फेब्रुवारी २०२५ पासून त्यातली थोडी सोय केली आहे. एखाद्या अर्ली अ‍ॅक्सेस खेळाला वर्षभराहून जास्त काळ अपडेट आला नसेल तर विक्रीच्या पानावरच शेवटचा अपडेट किती महिन्यांपूर्वीचा ते दिसतं. निर्माता बोलला नाही तरी निदान दुकानदार बोलतो.

प्रतिसाद: कोड_आणि_पोहे

मी पुण्यात एका छोट्या स्टुडिओत प्रोग्रॅमर आहे. आमचाही एक खेळ असाच अर्धवट विकायला होता, म्हणून पलीकडची बाजू सांगतो. मोठं होणार आहे, सांभाळून घ्या.

आधी पैशांचं. धागाकर्त्यांच्या ७२९ रुपयांत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो, तो गेला की उरतात ६१८. त्यातले नेहमीच्या दराने ३० टक्के स्टीमचे. स्टुडिओकडे येतात ४३० च्या आसपास, परत केलेल्या प्रतींचं नुकसान वेगळं. यातलं बरंचसं पहिल्या काही दिवसांत येतं आणि मग आलेख झपकन खाली बसतो. ज्याने आज घेतला तो खेळ पुरा झाल्यावर पुन्हा पैसे देणार नाही, द्यावेत असंही नाही. पण पगार दर महिन्याला करावे लागतात. म्हणून स्टीम स्वतः निर्मात्यांना बजावतं की विक्री अगदीच नगण्य झाली तरी खेळ पुरा करण्याची ऐपत नसेल तर अर्ली अ‍ॅक्सेसला येऊ नका, आणि पुढच्या गोष्टींची ठोस वचनं देऊ नका. लोक वाचतात आणि तरी येतात, कारण शिल्लक संपत आलेली असते. आम्हीही तसेच आलो.

आता काम. बाहेरून वाटतं की वर्षभर थांबले, एक बेट जोडता आलं नाही? ते बेट जोडायचं म्हणजे गावाची नोंद ज्या साच्यात साठवतो तो साचाच बदलायचा. साचा बदलला की लोकांची जुनी गावं उघडत नाहीत. तुमचं पन्नास तासांचं गाव मोडायचं की जुनं चालवण्यासाठी वेगळा कोड लिहायचा, हा निर्णय दर अपडेटला येतो. अनेकांनी मिळून खेळणं तर नंतर चिकटवताच येत नाही, ते पायातच असावं लागतं. नसेल तर निम्मा खेळ पुन्हा लिहायचा. म्हणून आराखड्याच्या शेवटी 'मल्टिप्लेअर' दिसलं की मी आधी बघतो, आज त्याचा काही मागमूस आहे का.

आणि गप्प का बसतात. हे मनापासून सांगतो. भीती वाटते. एक तारीख दिली आणि चुकली तर पुढचे तीन महिने लोक तीच तारीख तोंडावर मारतात. मग ठरतं, काही दाखवण्यासारखं झालं की लिहू. ते होत नाही. महिना जातो, सहा जातात, आणि मग लिहायची लाज वाटायला लागते. आमच्या इथे एक बातमी तयार होऊन दोन महिने पडून होती, कुणी बटण दाबेना. शेवटी दाबलं. शिव्या तीसेक आल्या, धीराचे निरोप चारशेच्या वर. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय की गप्प बसणं सगळ्यात महाग पडतं.

प्रोजेक्ट झोम्बॉइडवाल्यांचं उदाहरण मी नव्या मुलांना नेहमी देतो. २०११ मध्ये त्यांच्या घरी चोरी झाली, लॅपटॉप गेले, त्यात बरंच ताजं काम गेलं. त्यांनी ते जगजाहीर केलं. त्या वेळी लोक फार तोडून बोलले त्यांना. पण ते थांबले नाहीत. २०१३ पासून स्टीमवर अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आहेत, डिसेंबर २०२१ मध्ये ४१ वा बिल्ड आला, डिसेंबर २०२४ मध्ये ४२ व्याची चाचणी आवृत्ती. इतकी वर्षं 'अपूर्ण' असलेला खेळ, आणि घेणारे समाधानी.

आणि पुण्यातलंच एक. 'राजी' हा खेळ बनवणाऱ्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०१७ मध्ये किकस्टार्टरवर पैसे मागितले होते. रक्कम भरली नाही, तिथल्या नियमाने मग कुणाच्याच खात्यातून काही गेलं नाही. त्यांनी दुसरीकडून पैसा उभा करून २०२० मध्ये पुरा खेळ आणला. आम्हाला तेव्हा तेवढा दम निघाला नाही.

प्रतिसाद: रोखठोक_नाशिककर

पोहेवाले, तुमचा प्रतिसाद वाचून थोडा मऊ झालो. चार माणसांच्या स्टुडिओबद्दल माझं मत तेच आहे, त्यांना मोकळं सोडा.

पण मोठ्या प्रकाशकाने मोठ्या खेळाची पूर्ण किंमत लावली तर मोजमाप वेगळं हवं. लॅरियन या स्टुडिओने बाल्डर्स गेट ३ हा खेळ ऑक्टोबर २०२० मध्ये असाच विकायला काढला, ६० डॉलर, पूर्ण किंमत. पण पहिलाच अंक मिळेल आणि इथले सेव्ह (साठवून ठेवलेली प्रगती) पुढे चालणार नाहीत, हे आधी सांगितलं. ऑगस्ट २०२३ मध्ये सगळा खेळ दिला, वर एक पैसा मागितला नाही. ज्याच्या पाठीशी पैसा आहे त्याच्याकडून एवढं मागायला काही हरकत नाही. म्हणजे कर्बल २ च्या बाबतीत मी धागाकर्त्यांच्या बाजूने.

प्रतिसाद: व्लताव्हाकाठची

मी सध्या प्रागला असते. फॅक्टोरिओ हा खेळ इथलाच. दर शुक्रवारी त्यांचा एक लेख यायचा: या आठवड्यात काय केलं, कुठे अडलो, काय काढून टाकलं. २०१३ पासून. काही लेख तर रेल्वेचे सिग्नल कसे चालतात यावरच. माझा नवरा शुक्रवारी जेवताना तो वाचून दाखवायचा, खेळापेक्षा ती मालिकाच मला जास्त आवडायची. ऑगस्ट २०२० मध्ये खेळ पुरा झाला. किंमत मधे २० डॉलरवरून ३० वर नेली, तीही आधी सांगून, आणि सवलत कधीच दिली नाही. त्यामुळे लवकर घेणाऱ्याला आपण फसलो असं वाटायचा प्रश्नच आला नाही.

मला वाटतं, अशी दर आठवड्याची सवय असेल तर थांबायची वेळ आली तरी ते सांगणं सोपं जात असेल.

प्रतिसाद: दुपारचा_चहा

परताव्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मिळतात. माझ्या मुलाने वाढदिवसाच्या पैशांतून घेतलेला एक खेळ पाऊण तासात तीनदा बंद पडला. अर्ज केला, पैसे आले. पण त्याला आधी माहीतच नव्हतं, तो तसाच रेटत बसला होता. मुलांना हे सांगून ठेवा.

प्रतिसाद: सातबारा

चांगली माहिती. पण अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये खेळ सोडून दिला जातो तो वर्ष-दीड वर्षाने, तेव्हा हे १४ दिवस कामाला येत नाहीत. क्वचित सगळ्यांना परत मिळतात. 'द डे बिफोर' ७ डिसेंबर २०२३ ला आला आणि चार दिवसांत स्टुडिओनेच बंद होत असल्याचं सांगितलं, तेव्हा खेळलेले तास न बघता पैसे परत केले गेले. ते सगळं इतकं उघडं होतं म्हणून झालं. हळूहळू विझणाऱ्या खेळाला तो दिवस कधी येतच नाही.

कायद्याचं म्हणाल तर किकस्टार्टरच्या बाबतीत अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याने एक खटला चालवला होता. खेळायच्या पत्त्यांचे कॅट बनवून देतो म्हणून पैसे घेतले आणि वेळेत दिले नाहीत. २०१५ मध्ये त्या कंपनीला जवळपास ५५ हजार डॉलर भरायला लावले. म्हणजे 'पाठबळ दिलं' म्हटल्याने देणं संपत नाही. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही ई-कॉमर्सच्या व्याख्येत डिजिटल उत्पादनं धरली आहेत, आणि ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. घेण्याच्या दिवशी विक्रीच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. पान नंतर बदलतं, आणि काय कबूल केलं होतं ते दाखवायला तोच एक कागद हातात असतो.

प्रतिसाद: कोड_आणि_पोहे

अजून एक राहिलं: थांबायचंच असेल तर कसं थांबावं. स्पेसबेस डीएफ-९ हा त्याच डबल फाइनचा दुसरा खेळ. ऑक्टोबर २०१३ मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसला आला, वर्षभराने विक्री पुरेना म्हणून काम थांबवलं. आराखड्यातलं बरंच राहून गेलं आणि लोक खूप चिडले, चिडणं रास्तच होतं. पण त्यांनी थांबतोय हे सांगितलं, आहे तेवढं नीट करून १.० दिलं आणि खेळाचा लुआ भाषेतला कोड खेळाडूंच्या हवाली केला. पुढे हौशी मंडळींनी त्यावर काम केलं. तुमच्या बंदराचा कोड कुणी असा दिला असता तर ते बेट आज कुणीतरी बांधलं असतं. मी तर नक्की हात घातला असता.

प्रतिसाद: बंदरावरचा_दिवा

सगळ्यांचे आभार. पोहेवाले, बटण न दाबता पडून राहिलेल्या त्या बातमीबद्दल वाचलं आणि माझ्या बंदरवाल्यांबद्दलचा राग बराच उतरला. तिथेही कुणीतरी असंच बसलं असेल. तरी त्यांनी लिहायला हवं होतं, हे मत बदललेलं नाही. खेळ पुरा करून द्याच, असं मी आता म्हणणार नाही. थांबलात तर सांगा, आणि ज्या दिवशी थांबलात त्या दिवशी विक्री बंद करा. एवढं मात्र मी हक्काने मागेन.

काल संध्याकाळी भाच्याला शेजारी बसवून त्या खेळाचं पान वाचलं. तिथे निर्मात्यांना ठरावीक प्रश्न विचारलेले असतात: अर्ली अ‍ॅक्सेस का, किती काळ, आज खेळ कुठल्या अवस्थेत आहे, पुरा झाल्यावर किंमत बदलणार का. 'किती काळ' याच्या पुढे लिहिलं होतं, अंदाजे एक वर्ष. ते कधी लिहिलंय बघितलं तर अडीच वर्षांपूर्वी. भाच्याचा चेहरा पडला. मग अपडेटची यादी उघडली. शेवटचा अपडेट नऊ दिवसांपूर्वीचा, त्याआधीचा महिन्याभरापूर्वीचा, आणि एकात चक्क लिहिलेलं की हिवाळ्यात ठरवलेला भाग जमला नाही, काढून टाकतोय, माफ करा. तो म्हणाला, "मामा, हे सांगतात तरी."

घेतलाय. आज सकाळपासून दार लावून बसलाय. दोन तास व्हायच्या आत मला सांग, असं बजावून ठेवलंय. सातबारा, स्क्रीनशॉट काढलाय, तारखेसकट.